पोर्चमधल्या गाडीची चार वर्षं

गाडी आमच्या घरी आली ती लॉरीवर बसून. राजाजीनगरातल्या आमच्या गल्लीत लॉरी शिरेना, म्हणून गाडी कोपऱ्यावरच उतरवली आणि सात-आठ जणांनी ढकलत पोर्चपर्यंत आणली. पुढचं एक चाक अडकलं होतं, ते फिरतच नव्हतं. देवनहळ्ळीजवळ माझ्या यजमानांच्या ऑफिसातल्या एका सोबत्याचा द्राक्षमळा होता, तिथल्या शेडमध्ये ती बरीच वर्षं पडून होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत असाव्यात, कवचं तशीच होती. सासूबाई दारात ओवाळायचं तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, तबकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला आधी आंघोळ घाला. मग बघू."

"सहा महिने," हे म्हणाले. "फार तर सात."

यांचे वडील एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. तशीच गाडी, गोल डोळ्यांची, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ. लहानपणी यांना ती फक्त पुसायला मिळायची. आत बसायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. ही गोष्ट मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळली, आणि कळल्यावर मला 'नको' म्हणता येईना. नाहीतर मी म्हटलं असतं.

कारण वेळ कुणाकडे होता? हे सरकारी कचेरीत कारकून. मी एका कारखान्यात, टेलिफोनचे भाग जोडायच्या लाइनवर. सगळ्या बायकाच. सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर कारखान्याची बस यायची, त्याआधी दोन डबे, सासूबाईंचा नाश्ता, मुलीची वेणी. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं आणि लाइनवर रोज कुणीतरी सांगायचं की नवे फोन बाहेरून येणार, आपला विभाग बंद होणार. ते ऐकत आठ तास डाग द्यायचे, म्हणजे गरम कावियाने तारा जोडायच्या. घरी यायची तोवर मान मोडून आलेली असायची. आणि पोर्चमध्ये ती गाडी, बॉनेट उघडं टाकून.

पहिल्या वर्षी तिचं फक्त सुटं होणं झालं. इंजिन उतरलं, सीट उतरल्या, दारं उतरली. पायाखालचा पत्रा इतका गंजला होता की आत पाहिलं तर खाली पोर्चची फरशी दिसायची. सीटचा सांगाडा हॉलमध्ये आला. माझी कणकेची परात एक दिवस रॉकेलने भरलेली सापडली, तिच्यात बोल्ट भिजत घातले होते.

"अहो, ही परात?"

"उद्या नवी आणतो."

नवी परात चार महिन्यांनी आली. चिकपेटेत हे रबराच्या पट्ट्या आणायला गेले होते, तेव्हा शेजारच्या दुकानात त्यांना आठवलं.

रविवारी मेस्त्री यायचे. दुसऱ्या ब्लॉकमध्ये त्यांचं गॅरेज होतं. साठीला आलेले, कमी बोलणारे, कपाळावर विभूती. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो आणि ते मला अक्का म्हणायचे, वयाने मी मुलीसारखी असूनही. आमच्या घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. किती पिढ्या असं चाललंय ते कुणालाच नीट सांगता येत नाही. अण्णा आले की पोर्चसुद्धा उंबऱ्याबाहेर जायचा, तिथेही कन्नडच.

दुसऱ्या वर्षी सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. धूळ उडता कामा नये, म्हणून दोन महिने घासकाम बंद. मग पावसाचं पाणी पोर्चमध्ये शिरलं आणि नवा पत्रा पुन्हा गंजला. मग यांची बदली कागदपत्रांच्या अशा विभागात झाली की रविवारीही फायली घरी. तिसऱ्या वर्षी मुलगी दहावीत गेली. एकदा ती वह्या आपटून म्हणाली, "मैत्रिणींना घरी बोलवायची लाज वाटते मला. बसायचं कुठे? मडगार्डवर?" हे उठले आणि मडगार्ड उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्यानंतर महिनाभर आम्ही मडगार्डला वळसा घालून आंघोळ केली.

मी रागावत नव्हते असं नाही. पण रागवायलाही अंगात जोर लागतो.

गाडीच्या तारा उंदरांनी खाल्ल्या होत्या. अण्णा म्हणाले, तारांचं काम करणारा माणूस शोधावा लागेल, आणि तो मिळेना. शेवटी मीच म्हटलं, "मी करते." यांनी विचारलं, "तू?" मी म्हटलं, "दिवसभर दुसरं काय करते मी?" खरं तर मला वाटलं होतं, हे एकदाचं संपेल. पण त्या कामात मला, मान्य करायला हवं, बरं वाटायला लागलं. संध्याकाळी स्वयंपाक झाला की तासभर मी गाडीत बसायची. लाल तार दिव्यांकडे, पिवळी हॉर्नकडे. सासूबाई पायरीवर भाजी निवडत बसायच्या आणि विचारायच्या, "आज कुठवर आली?" लाइनवर कुणी मला असं कधी विचारलं नव्हतं.

चौथ्या वर्षी इंजिन परत जागेवर बसलं. ठिणगी कुठल्या क्षणी पडायची ते ठरवणारा एक भाग असतो, डिस्ट्रिब्युटर. तो अण्णांनी बसवला होता. पण त्याची आतली तार मला सैल वाटली. मी तो काढला, तार जोडली, आणि हातात होताच म्हणून रॉकेलने घासून लख्ख केला. परत बसवताना जसा होता तसाच बसवला. म्हणजे मला तरी तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. अण्णा कुठल्याशा लग्नाला गेले होते, दुपारनंतर येणार होते. यांना धीर निघेना. बॅटरी अर्धमेली होती, म्हणून इंजिन हाताने फिरवायला यांनी समोरून हँडल घातलं. आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून. मुलगी पुस्तक घेऊन दारात आली. सासूबाईंना आम्ही खुर्ची दिली. मी आत बसून चावी फिरवली.

पहिल्या दोन फेऱ्यांना काहीच झालं नाही. तिसऱ्या फेरीला इंजिनने एकच हुंकार दिला आणि हँडल उलटं फिरलं. मला आतून फक्त यांचं डोकं खाली गेलेलं दिसलं. मला वाटलं, काही पडलं म्हणून वाकले. मग मुलगी ओरडली.

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. ऑटोत बसताना हे मला म्हणाले, "पण ऐकलंस ना? बोलली ती." चेहरा पांढराफटक पडला होता आणि असं म्हणत होते.

मंगळवारी अण्णा आले. बॉनेट उघडून बराच वेळ वाकून बघत राहिले. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "अक्का, माझी रेघ कुठे गेली?"

"कुठली रेघ?"

"पांढऱ्या रंगाची. बारीक. हे इथे आणि इथे. दोन्ही जुळवून बसवायचं, म्हणून ओढली होती." त्यांनी तो लख्ख भाग बोटाने दाखवला. "हे स्वल्प जास्त फिरलंय. ठिणगी आधीच पडली. म्हणून हँडल उलटलं."

माझ्या हातातला कप त्यांनीच घेतला. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं असावं.

"सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, असं ते म्हणाले. "होतं असं. साहेबांना सांगायची गरज नाही. हँडल धरताना त्यांचा अंगठा आत असणार, तेही चूकच. तेवढंच सांगू."

आणि मी तेवढंच सांगितलं. हे म्हणाले, "हो, वडील सांगायचे, अंगठा बाहेर ठेवावा. मीच विसरलो." 

पुढचे अडीच महिने मला आठवतात ते तुकड्या-तुकड्यांनी. यांच्या शर्टाची बटणं लावणं. भात कालवून देणं, कारण डाव्या हाताने कालवता येत नव्हतं. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख, मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाची रांग. बसमध्ये मी उभ्याउभ्या झोपायची. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट एका बाजूला थोडं वाकलेलं राहिलं. ऑफिसात यांची सही जुन्या सहीशी जुळेना. साहेबाने दोनदा परत करायला लावली. हे घरी येऊन कागदावर सही गिरवत बसायचे, पहिलीतल्या मुलासारखे. तेव्हा मला स्वयंपाकघरातून बाहेर येववत नसे.

एक दिवस यांनीच गुजरीवाल्याला, म्हणजे भंगार घेणाऱ्याला, बोलावलं. मला न विचारता. मी कारखान्यातून आले तर तो पोर्चमध्ये गाडीभोवती फिरत, दारांवर बोटाने टकटक करत होता. हे पायरीवर बसले होते.

"पुरे झालं," हे म्हणाले. "तुम्हा सगळ्यांना वेठीला धरलं मी. आणि माझ्याच मूर्खपणाने हात गेला."

मी पिशवी खाली ठेवली. गुजरीवाल्याला म्हटलं, जरा बाहेर थांबा. तो फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

"तुमचा मूर्खपणा नाही," मी म्हटलं. "अण्णांनी तिथे खूण केली होती. मी ती पुसली. मीच चुकीचं बसवलं."

"कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"कुठल्या मंगळवारी?"

"त्याच. दोन दिवसांनी."

मला वाटलं होतं, हे म्हणतील, जाऊ दे. पण हे उठले, फाटकापाशी जाऊन गुजरीवाल्याला "आज नको" म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बटणंसुद्धा स्वतः लावली, एकेकाला पाच-पाच मिनिटं घेत. सासूबाईंनी मला विचारलं, "काय झालं गं?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चुकीचं एवढं काही नाही. अडीच महिने गप्प राहिलीस, ते त्याला लागलंय." आणि पुढे, "मलाही लागलं असतं."

तिसऱ्या दिवशी हे चहा पिताना म्हणाले, "रविवारी अण्णांना बोलाव. तू बसव. मी बघतो."

"मला नको आता ते."

"मला या हाताने जमणार नाही, आणि तू अर्धवट सोडायची नाहीस," हे म्हणाले. आवाजात अजून धार होती. पण बोलत होते.

रविवारी अण्णा माझ्याशेजारी उभे राहिले आणि हात मागे बांधून घेतले. "मी हात लावणार नाही. फक्त सांगेन." पाना माझ्या हातून दोनदा खाली पडला. अण्णांनी रंगाची डबी पुढे केली आणि नवी रेघ मला ओढायला लावली. यांनी वाकून ती तपासली, डावं बोट लावून. "वाळू दे," एवढंच म्हणाले. नवी बॅटरी लावली होती, त्यामुळे हँडलचा प्रश्नच नव्हता. तरीही मी सगळ्यांना गाडीसमोरून बाजूला केलं.

गाडी सुरू झाली. खोकली, धूर सोडला, पुन्हा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. सासूबाई आत गेल्या आणि तबक घेऊन आल्या. मुलीने नाकाला ओढणी लावली आणि विचारलं, "आता माझं टेबल हॉलमध्ये येईल का?"

त्यानंतर ती गाडी बरीच वर्षं चालली. कधी कधी चालली नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात, मुलीच्या कॉलेजात, एकदा रस्त्यात बंद पडून घरापर्यंत ढकलत. लांबच्या प्रवासाला यांचं मनगट दुखायचं म्हणून आम्ही कधी शहराबाहेर फारसं गेलो नाही. माझा विभाग अखेर बंद झाला, तेही त्याच सुमाराला. त्या मंगळवारबद्दल हे पुन्हा कधी बोलले नाहीत, पण घरात काही फुटलं, हरवलं, तर मी लगेच सांगून टाकायला शिकले.

मला जास्त आठवतो तो सगळं संपल्यानंतरचा पहिला रविवार. पोर्च झाडून झाला होता. अण्णा येणार नव्हते. मुलगी मैत्रिणीकडे गेली होती, सासूबाई शेजारी. जेवण झाल्यावर हे बाहेर गेले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि आत आले.

"आता काय करायचं?" यांनी विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही."

आम्ही दोघं हॉलमध्ये चटई टाकून आडवे झालो. चार वर्षांत तिथे एवढी जागा नव्हती.  सासूबाई परत येऊन चहाचं आधण ठेवेपर्यंत आम्ही झोपलो होतो.