अक्काचं गॅसचं बटण

कारखान्यात फोन आला तेव्हा मी संगणकासमोर बसलो होतो. पलीकडून दाजी म्हणाले, "बापू, अक्का गेली... निघ तू." बारामतीहून कऱ्हाटी काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरेना. महिना उलटून गेला, दाजींचा तो आवाज अजून कानातून जात नाही.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी घरची मेंढरं होती. आईआप्पांबरोबर रानोमाळ हिंडताना तीन दगडांवर भाकरी भाजायची ती अक्कानंच. वारा असो, ओलं सरपण असो, तिची चूल पेटायचीच. लग्नानंतर कऱ्हाटीच्या घरातही चूल तिच्याकडंच आली. पुढं गॅस आला आणि पाठोपाठ संधिवात. बोटं वाकडी होत गेली. भाकरी सुटली, चिरणं सुटलं, चहा तेवढा उरला. त्यात एकाच बर्नरच्या त्या शेगडीचं बटण मधोमध तडकलं. सून सांडशीनं आतली उघडी पडलेली दांडी फिरवायची. अक्काला सांडशी धरवेना. एकदा मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सून शेतातून यायची वाट बघत होती.

"माझ्याच घरात मला च्या मागून प्यावा लागतोय, बापू," ती म्हणाली. रडली नाही, तेच जास्त लागलं.

तसलं बटण बारामतीत मिळेना आणि मिळालं असतं तरी तिच्या बोटांना ते आता फिरलं नसतं. मी प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करणाऱ्या कारखान्यात आराखडे काढायचो. नुकताच तिथं संगणक आला होता. तुटके तुकडे चिकटवून व्हर्नियरच्या मोजपट्टीनं बारीक मापं घेतली, पडद्यावर बटण उभं केलं आणि त्याला तळव्यानं ढकलता येईल असा लांब दांडा काढला. मालकांना विचारून नायलॉनच्या ठोकळ्यातून ते यंत्रावर कोरून घेतलं. पण ते सैल झालं. गॅस चालू झाला, तो बंदच होईना. दाजींनी धावत जाऊन टाकी बंद केली.

"गॅसशी खेळ नगं! ऱ्हाऊ दे त्यो च्या."

"त्यो नीट करंल," अक्का खाली मान घालून म्हणाली. "एक डाव करू द्या."

तुटक्या बटणाचं भोक आधीच झिजलेलं होतं, म्हणून माप मोठं आलं होतं. शेजारच्या घरातल्या तसल्याच शेगडीच्या शाबूत बटणावरून पुन्हा मापं घेतली, आराखडा दुरुस्त केला. दुसरं बटण घट्ट बसलं. अक्कानं मनगटाजवळचा तळवा टेकवून दांडा ढकलला, लायटर दोन्ही हातांत धरून दाबला... निळी ज्योत लागली तशी ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "बसा समदी. च्या मी करती."

पुढं दोनेक वर्षं घरातला सकाळचा चहा तिनंच केला. मग मनगटंही गेली. शेवटी भेटलो तेव्हा ती शेगडीजवळ खुर्चीत बसली होती. दाजी चहा करत होते आणि ती सांगत होती, "आता बारीक करा... आता पत्ती टाका." संगणकावर काढून देता येईल असं आता काही उरलं नव्हतं.

परवा कऱ्हाटीला गेलो. सून नवी शेगडी आणू म्हणते, दाजी नको म्हणतात. त्यांनी माझ्यासाठी चहा ठेवला. दाजींची बोटं धडधाकट आहेत, पकड मजबूत. तरी त्यांनी दांडा बोटांनी धरला नाही. मनगटाजवळचा तळवा टेकवून हळूच ढकलला. गॅस लावायला ते तिच्याकडं बघूनच शिकले. दुसरी रीत त्यांना ठाऊकच नाही.