दिले ते आम्हीच

“यांना विचारा ना. हे तर जन्मजात रिपब्लिकन.”

डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून हे म्हणाले. महबूला या उपनगरातील त्यांच्या घरी शुक्रवारच्या जेवणाला जमलेली मराठी मंडळी क्षणभर थांबली, मग हसली. टीव्हीवर अमेरिकेतील निवडणुकीची चर्चा चालू होती. पण डॉक्टरांचा रिपब्लिकन अमेरिकेचा नव्हता. तो आमच्या वस्तीचा होता. निळ्या झेंड्याचा. जातीचे नाव न घेता जात सांगण्याची ही सुशिक्षितांची रीत. या आखाती देशातील रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून मी उमेदीची सारी वर्षे घालवली. आणि उतारवयात माझी जात अशी भर पंगतीत वाढली गेली.

आता सांगितले जाते की म्हातारा विनोदावर चिडला. हे असत्य आहे. विनोद मी गिळला होता. समोर माझी मुलगी बसली होती. ती डॉक्टरांच्या विभागात परिचारिका आहे आणि तिच्या कराराचे नूतनीकरण त्यांच्या शेऱ्यावर अडले होते. तिने माझ्याकडे पाहून हळूच ‘नको’ अशी मान हलवली.

वाद असा होता: अमेरिकेतील काळ्यांना हक्क कोणत्या पक्षाने दिले? डॉक्टरांच्या मते रिपब्लिकनांनी, कारण गुलामगिरी त्यांनी संपवली. राई या औद्योगिक भागात गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवणारे रत्नागिरीचे एक गृहस्थ म्हणत होते, डेमोक्रॅट्सनी. नागरी हक्कांच्या कायद्यावर सही त्यांच्या अध्यक्षाची. शेवटी डॉक्टरांनी हात झटकले.

“अरे, पक्ष कुठला का असेना. दिलं ते आम्हीच ना? मोठं मन लागतं त्याला.”

आम्हीच. मराठीत ‘आपण’ म्हटले की समोरचा आत येतो. ‘आम्ही’ म्हटले की दार लागते. जवाजातच्या खिडकीवर, जेथे निवासाचे कागद होतात, तेथे डॉक्टरांना आणि मला एकच हाक मारतात: हिंदी, म्हणजे भारतीय. तरीही देणाऱ्यांची पंगत बसली की हे गृहस्थ गोऱ्यांच्या पाटावर जाऊन बसतात.

“डॉक्टर, अमेरिकेत तुम्ही कधी होतात?” मी विचारले.

“काका, मी आपलं जनरल बोलतोय.”

“मीही जनरलच बोलतो.”

“बाबा, बास,” मुलगी म्हणाली.

मी थांबलो नाही. मी म्हणालो, गुलामगिरी संपवणाऱ्या पक्षाने पुढे सत्तेच्या सौद्यात दक्षिणेतून सैन्य काढून घेतले आणि त्या माणसांना जुन्या मालकांच्या हाती सोडले. दुसऱ्या पक्षाने त्याच दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या वेगळे बाक, वेगळे नळ, वेगळ्या शाळा राखल्या. कायदा झाला तेव्हा बाजूने आणि विरुद्ध दोन्ही पक्षांची मते होती. झाल्यावर त्या कायद्याने दुखावलेल्या गोऱ्यांची मनधरणी करायला पहिलाच पक्ष धावला. पाणी उताराकडे वळते, तसे पक्ष वळले. उतार खणला तो मार खाणाऱ्यांनी, तुरुंगात जाणाऱ्यांनी, बसवर बहिष्कार घालून पायी कामावर जाणाऱ्या बायकांनी. यात ‘दिले’ हे क्रियापद कोठे बसते, ते मला दाखवा.

रत्नागिरीचे गृहस्थ सोलकढीच्या वाटीत पाहत राहिले. डॉक्टरांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मुलगी ड्यूटीवरून आली ती डॉक्टरांचा निरोप घेऊन. काकांनी सॉरी म्हटले की विषय संपला.

“एक शब्द आहे, बाबा. डॉक्टर मनात ठेवणारे नाहीत.”

मी तिला सांगितले, “तुझी नोकरी तू परीक्षा देऊन मिळवली आहेस. मी माफी मागितली, तर उद्यापासून तीही त्यांनी दिलेली ठरेल.”

“आणि गेली तर?”

“गेली, तर ती त्यांनी काढून घेतली असे आपण चारचौघांत म्हणू. मी चुकलो असे म्हणणार नाही.”

ती आत निघून गेली. अजून माझ्याशी नीट बोलत नाही. शेरा अजून पडायचा आहे.

येत्या शुक्रवारी मी डॉक्टरांकडे जाणार आहे. बोलावणे नाही. त्याच खुर्चीत बसेन. जन्मजात म्हणाले, तर होय म्हणेन. तो शब्द माझा आहे, त्यांच्या विनोदाचा नाही. आणि ‘दिले’ म्हणाले, तर सर्वांसमोर एकच विचारेन: आधी काढून घेतले कोणी?