सासऱ्यांची मोटार आणि माझा कान

माझ्या सासऱ्यांची मोटार वयाने सासऱ्यांपेक्षा मोठी आहे, आणि दोघंही जागची हलताना आवाज करतात.

पुतण्याची वरात याच मोटारीतून काढायची, असं मी पेठ वडगावच्या व्याह्यांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी गिअरबॉक्समधून पिठाची गिरणी सुरू झाली!

"मिस्त्रीला दाखवा की," सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"कशाला? मला कळतंय सगळं!" (मोबाईलवर दोन व्हिडिओ बघितले होते. एक अर्धाच.)

गाडी सुनंदा चालवणार, आवाज नेमका कुठून येतो ते मी ऐकणार. मी पुढची सीट काढून, तळाची फळी उचलून आडवा. लाकडी दांडक्याचं एक टोक गिअरबॉक्सला, दुसरं कानाला. पाय मावेनात, ते खिडकीतून बाहेर!

कळंब्याच्या रस्त्याला लागल्यावर मी ओरडलो, "दुसऱ्यात टाक!"

घर्रर्र! दांडकं थेट मेंदूत शिरलं. "अगं मेलो! मेलो!"

नेमकी गाडी कळंबा जेलसमोर. लोकांना दिसलं ते असं: एक बाई गाडी पळवतेय, खिडकीत दोन पाय झटके देतायत आणि आतून कुणीतरी बोंबलतोय! चार मोटारसायकली आडव्या आल्या. हवालदार धावला.

"बाई, कुणाला पळवून न्हेतायसा?"

"आमचं मालक हायत. आवाज ऐकायल्यात."

हवालदारानं माझ्या पायांना विचारलं, "पावणं, खरं हाय का हे?"

"व्हय!" मी खालून.

"मग बाई, घरात ऐकत न्हाईत व्हय?"

"घरात ऐकलं असतं तर मिस्त्रीकडं गेलो असतो की!" सुनंदा फणकारली.

परतताना सुनंदानं निकाल दिला. "पहिल्या-दुसऱ्या गिअरातच घरघरतंय. टॉपला गप्प हाय. मग टॉपच वापरायचा!"

दुसऱ्या दिवशी, पहिला गिअर टाकायचाच नाही म्हणून, गल्लीनं ढकलून गाडी सुरू करून दिली आणि टॉपमध्ये आम्ही झोकात वडगाव गाठलं. पण टॉपमध्ये वरात कशी काढणार? बँडवाल्यांना पळत वाजवावं लागलं असतं! शेवटी इंजिन बंद. सुनंदा स्टिअरिंगवर, नवरा-नवरी मागे आणि त्यांच्याही मागे, फेटा बांधून, गाडी ढकलणारा मी.

चढाला बँड थांबला. माझे गुडघे कडकडले, छाती घरघरली. नवरीच्या आजोबांनी कान टवकारले. त्यांची हयात ट्रक चालवण्यात गेलेली, आणि आमच्या गिअरबॉक्सची तक्रार त्यांच्या कानावर आलेली.

"गिअरबॉक्स झ्याक हाय! आवाज मागनं येतोय. मागचं सामान पार झिजलंय, बदलून टाका!"

सुनंदानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मिळतंय व्हय कुठं?"