मुरबाडच्या टोकाला

शहापूरहून मुरबाडची एसटी सुटली, तेव्हा मनात आलं, या दोन गावांमध्ये माझं लिहिलेलं किती वेळा गेलं-आलं. मी स्वतः मात्र पहिल्यांदाच निघाले होते.

कचेऱ्यांत नुकतेच संगणक आले, तेव्हा मी शहापूरला रोजंदारीवर ऑपरेटर होते. मुरबाडच्या कचेरीत याच कामावर नामदेवभाऊ होते. त्याआधी आकडे फ्लॉपीत भरून शिपायाच्या हाती जात. मग दोन्हीकडे मोडेम बसले आणि साध्या टेलिफोनच्या तारेतून संगणक एकमेकांशी बोलू लागले. पलीकडून पहिली ओळ आली ती इंग्रजी अक्षरांत : ‘जेवलात का?’ आम्ही दोघं एकमेकांना कधी भेटलो नाही.

वरिष्ठांना दाखवायच्या दिवशी पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं उमटली. दोन्ही टोकांना वेग एकच लावावा लागतो. तो मी आदल्या दिवशी बदलून पाहिला होता आणि पूर्ववत करायला विसरले होते. ध्यानात आलं तोवर ठपका मुरबाडवर बसला होता. भाऊंना संगणकावरून काढून स्टोअरला टाकलं. मी वेग गुपचूप पूर्ववत केला आणि गप्प राहिले. पुढे मी कायम झाले. आता ते निवृत्त झालेत, मीही.

वाटेत किन्हवलीला गाडी पंक्चर झाली. “टाइम लागंल ताई, चाय घ्या,” कंडक्टर म्हणाला. चहा झाला, वर गरम भजीही झाली. कापणी उरकली होती. खाचरांत उडव्या (भाताच्या पेंढ्यांच्या राशी) उभ्या होत्या.

मुरबाडहून जीपने सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या गावात पोचले. भाऊ अंगणात वाल निवडत बसले होते. नाव सांगितल्यावर ते उठून उभेच राहिले. पाणी प्यायच्या आधीच मी सगळं बोलून टाकलं.

“मला ठाव व्हतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या दिशी लाइन आपसूक चालू झाली. आमी तं कायच बदललं नव्हतं.”

“मग साहेबांना का नाही सांगितलंत?”

“तुमी रोजंदारीव. तुमाला घरी बसवलं असतं. मी कायम, मला काय, नुसतं हलवलं.” मग म्हणाले, “पन राग व्हता. दोन वर्सं तुमचं नाव घेतलं नाय.”

“घेतलं नाय कसं?” वहिनी आतून म्हणाल्या. “रोज घ्यायचे. शिव्या घालून!”

तिघंही हसलो. माझे डोळे भरले होते. वहिनींनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (मोड आलेल्या वालांची उसळ) पुढे ठेवलं.

जेवताना मी सांगितलं, परदेशात दूरचे दोन संगणक पहिल्यांदा जोडले, तेव्हा पहिला शब्द अर्धाच पोचला आणि यंत्र बंद पडलं.

“मंग आपली तं पुरी ओळ गेलती की!” भाऊ खूश झाले.

परतीच्या गाडीत मला गाढ झोप लागली. शहापूरला उतरले तेव्हा दिवस मावळत होता. माझ्या लेकीला मी ही गोष्ट लहानपणापासून सांगत आले होते, पण दरवेळी संगणक जोडले गेले तिथेच थांबवून. त्या संध्याकाळी तिला समोर बसवून पुढची सांगितली.