दादाच्या ड्रममधलं विरजण

जंतू मारायची माझी नोकरी. गावच्या टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकायची, वॉल्व्ह फिरवायचा आणि पाणी उशिरा आलं की लोकांच्या शिव्या खायच्या. माझा थोरला भाऊ मात्र जंतू पाळायचा. अणदूरच्या शिवारात दादाचा एकरभर अश्वगंधेचा तुकडा होता. मुळ्या विकायचं पीक, आणि बुरशी लागली की नेमकी मुळीच कुजते. औषधी पिकावर विष कशाला ओतायचं म्हणून दादानं बुरशीला खाली दाबणाऱ्या जिवाणूंचं पाकीट आणलं, अंगणातल्या ड्रममध्ये गुळाच्या पाण्यात कालवलं आणि झाडांच्या बुडाशी ओतलं. मूळकूज थांबली.

मग त्याला नादच लागला. दरवेळी तळाला थोडं राखायचं आणि त्यावर बोअरचं पाणी, गूळ घालून नवं वाढवायचं, दह्याला विरजण लावतात तसं. कृषी खात्याचे साहेब सांगायचे, दरवेळी नवं पाकीट घ्या, जुन्यात काय वाढतं कुणाला ठावं. दादा ऐकतोय व्हय!

पीक गुडघ्याला आलं आणि दादा गेला. छातीत कळ आली, तेवढंच निमित्त. दहावं झालं, दुसऱ्या दिवशी वहिनी ड्रमापाशी उभ्या. म्हणाल्या, "भावजी, हे त्यांच्या हातचं हाय. हे मरू द्यायचं न्हाय."

रोज सकाळी काठीनं ढवळत त्या ड्रमाशी बोलायच्या. पोरीचा फोन आला, म्हैस आटली, तुमच्या भावानं आज बी दाढी केली न्हाय. ऐकून मला हसू यायचं आणि हात आपसूक दाढीवर जायचा.

एकदा त्या दोन दिवस लेकीकडं कळंबला गेल्या आणि ड्रम माझ्यावर सोपवला. ड्रमातलं पाणी खाली गेलेलं, लाईट नव्हती, बोअर बंद. मी सरळ नळाचा पाईप आत सोडला. त्याच सकाळी पाण्याची तक्रार आली म्हणून टाकीत मीच दुप्पट पावडर टाकली होती. उभा जन्म ह्या कामात गेला माझा, आणि तेवढं डोक्यात आलं न्हाय! दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर फेस नाही, आंबूस वास नाही. नुसता टीसीएलचा भपकारा. दादाला सरणावर ठेवताना रडलो नव्हतो, त्या ड्रमापाशी रडलो.

लगोलग ड्रम धुतला, नळदुर्गहून नवं पाकीट आणलं, बोअरचं पाणी आणि गूळ घातला. वहिनी आल्या तेव्हा फेस आला होता. त्यांना काही कळलं नाही. पीकही हिरवंगार राहिलं. चांगलंच झालं म्हणायचं, पण कसलं चांगलं!

भूतबित मी मानत नाही. पण त्यानंतर भर दुपारी टाकीखाली वॉल्व्ह फिरवताना मागं कुणीतरी घसा खाकरायचं. दादासारखंच, दोनदा. वळून बघावं तर मोकळं रान. शेतात जायचं मी टाळायला लागलो. सकाळी वहिनींचं ते बोलणं लांबून जरी कानावर आलं तरी मी वाट बदलायचो.

दीड महिन्यानं लेक आली. तिच्या सासरी शतावरी लावलेली, तिथं मूळकूज सुरू झालेली. वहिनींनी ड्रमातलं पाणी कॅनमध्ये भरलं, झाकण घट्ट केलं आणि म्हणाल्या, "घे, तुझ्या बापाच्या हातचं हाय. सांभाळून ने." पोरीनं कॅन तान्ह्या लेकरासारखं पोटाशी धरलं. मग मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. नळ, पावडर, नळदुर्गचं पाकीट, सगळं.

पोर म्हणाली, "काका, जाऊ द्या, औषध तर तेच हाय ना." तिचं खरंच होतं.

वहिनी रडल्या नाहीत, मला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. ड्रमावरचं झाकण त्यांनी नीट बसवलं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाल्या,

"मग दीड महिना मी कुणाशी बोलत व्हते, भावजी?"