चिठ्ठ्यांची रांग

पिंपरीच्या औषध कारखान्यात आमच्या प्रयोगशाळेत जवळच्याच गावचा एक कारकून होता. परदेशी मासिकं आली की नोंद करण्याआधी तो ती वाचून काढी. बोलताना कानावरची पेन्सिल चाचपत राही.

एकदा दुसऱ्या पाळीच्या औषधाच्या ताकदीची सरासरी कमी भरली. त्या पाळीतली माणसं काढायचं ठरलं. तसा कागद मीच लिहिला होता.

त्या कारकुनानं तिन्ही पाळ्यांच्या एकेका घाण्याचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहिले, लहानापासून मोठ्यापर्यंत एकाच रांगेत मांडले, त्यांना क्रमांक दिले आणि प्रत्येक पाळीच्या क्रमांकांची बेरीज केली. बेरजा जवळपास सारख्या आल्या.

"साहेब, दोन नासक्या घाण्यांनी सरासरी खाली वढली. रांगेत ते निस्ते टोकाला बसत्यात. मधला आकडा बघा, तिन्हीकडं सारखाच हाय."

माणसं कामावर राहिली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "ही रीत कुणी लावली?"

"मी," मी म्हणालो. ते खोटं होतं. तो शेजारीच चिठ्ठ्या गोळा करत होता.

दुसऱ्या दिवशी त्या पाळीची माणसं हार घेऊन माझ्याकडे आली. तो त्यांच्यातच उभा होता आणि अगदी मनापासून टाळ्या वाजवत होता.