खालच्या थराचा खांदा

दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकात तो नेहमी शेवटचा पेशंट असायचा. दिवसभर लोकांच्या माना आणि कमरा दाबून तोवर माझ्याच अंगठ्यांत जीव उरलेला नसे, आणि समोर हा आडदांड ऑस्ट्रेलियन. तारुण्यात त्यांच्याकडचं फुटबॉल खेळलेला, मग सैन्यात जाऊन अफगाणिस्तानात लढलेला, आता इथे एका कंपनीची सिक्युरिटी सांभाळणारा. उजवा खांदा पार कामातून गेलेला. हात कानापर्यंत यायचा आणि थांबायचा.

त्याला एकच हवं होतं: इथल्या नव्या-जुन्या खेळाडूंच्या मॅचमध्ये एकदा खेळायचं. मी दर वेळी "इन्शाल्ला" म्हणायचे. इथे राहून हा शब्द चांगला अंगवळणी पडलाय. नाही म्हणायचे कष्ट वाचतात.

त्यांच्या फुटबॉलचा चेंडू लांबट. तो लाथेनं मारायचा आणि हातांनी झेलायचा. उंच आलेला चेंडू झेलायला मागचा गडी सरळ पुढच्याच्या खांद्यावर गुडघा रोवून वर चढतो. मुंबईत असताना दहीहंडीनंतर दरवर्षी माझ्याकडे गोविंदांची रांग लागायची. खालच्या थरातल्या पोरांचे खांदे मी डोळे मिटूनही ओळखेन. एकदा याचा खांदा दाबताना तेच आठवलं आणि विचारलं, "तुमच्यावर कोण चढायचं?"

"माझा मित्र," तो म्हणाला. "दर मॅचला. टाळ्या त्याला, गुडघे मला."

दोघे सैन्यातही बरोबरच गेले. तिथे मित्र जखमी झाला, तेव्हा यानं त्याला याच खांद्यावर घालून हेलिकॉप्टरपर्यंत पळत नेलं. पोचेपर्यंत मित्र गेला होता. खांदा बिघडला तो तेव्हापासून. मित्राचा मुलगा आता दुबईतच नोकरीला होता आणि त्या मॅचमध्ये याच्याच बाजूनं उतरणार होता.

मला फार वाईट वाटलं. पण इतकी दमले होते की गोड बोलायचंही त्राण नव्हतं. "खेळू नका," मी म्हटलं. "कुणी वर चढलं तर खांदा निखळेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

त्यानं मान हलवली. मला वाटलं, पटलं.

अल मनखूलला घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. "अगं, तू वॉर्न केलंस ना? मग खलास, विषय संपला! पेशंट घरी नको आणूस," तो जेवता जेवता म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. तरी शनिवारी, मॅचच्या दिवशी, माझं कशात लक्ष लागेना.

सोमवारी तो हात गळ्यात बांधून आला. माझं डोकंच फिरलं. इतक्या महिन्यांची मेहनत, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी! "सांगितलं होतं ना मी?" मी चक्क ओरडले. तो निमूट पलंगावर बसला. मी झोळी सोडवली. खांदा टम्म सुजला होता आणि वर गुडघ्याचा काळानिळा वळ होता.

"झेलला पोरानं चेंडू," तो म्हणाला.

मी बर्फाची पिशवी आणून त्या वळावर धरली.

"वजन अगदी बापाएवढं," तो म्हणाला. "पण हा खाली उतरला, डॉक्टर. उतरला आणि पळत गेला."